घरच्या घरी आंबवलेला कोबी: जर्मन पद्धतीचे झाउअरक्राउट

कोबी आणि मीठ या दोन जिन्नसांखेरीज झाउअरक्राउटला काहीही लागत नाही. व्हिनेगर, तेल, साखर, विरजण यांपैकी कशाचीही गरज नसते. बारीक चिरलेल्या कोबीला मीठ चोळले की त्याला पाणी सुटते. त्याच पाण्यात तो दाबून ठेवला की पानांवर मुळातच असलेले जिवाणू कोबीतील साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करू लागतात आणि तीन-चार आठवड्यांत आंबट, करकरीत आणि कित्येक महिने टिकणारा पदार्थ हाती येतो. ज्या घरात दही लागते, इडलीचे पीठ फुगते आणि लिंबाचे लोणचे मुरते, त्या घराला यातले मूळ तत्त्व नवे नाही. तरीही लोणच्याच्या सवयीने कोबी आंबवायला बसले की काम बिघडते, आणि ते नेमके कुठे बिघडते हे आधी समजून घेणे आवश्यक आहे.

लोणच्यात मीठ हेच टिकवण्याचे मुख्य साधन असते, म्हणून आपण ते सढळ हाताने आणि अंदाजाने घालतो, वर तेलाचा थर ठेवतो आणि बरणी निर्धास्तपणे फडताळात ठेवून देतो. झाउअरक्राउट टिकते ते मिठामुळे नव्हे, तर आम्लामुळे. मिठाचे काम येथे मर्यादित असते: पानांतले पाणी बाहेर काढणे, पानांचा करकरीतपणा राखणे आणि पुरेसे आम्ल तयार होईपर्यंतच्या पहिल्या काही दिवसांत नको असलेल्या जिवाणूंना आवर घालणे. मीठ कमी पडले तर कोबी लिबलिबीत होतो, आणि जास्त झाले तर ज्यांच्यावर सगळी भिस्त आहे त्या जिवाणूंनाच ते जाचते. म्हणून हाताचा अंदाज कितीही बसलेला असला, तरी येथे तो पुरत नाही, वजनकाटा लागतो.

हंगाम कोणता निवडावा

जर्मनीत कोबी शरद ऋतूत काढला जातो आणि पूर्वी तो त्याच सुमारास घरोघरच्या तळघरांत आंबवायला ठेवला जात असे. स्टुटगार्ट शहराच्या दक्षिणेला फिल्डर नावाचे सुपीक पठार आहे. तेथे वर निमुळता होत जाणारा, पातळ पानांचा कोबी पिकतो आणि झाउअरक्राउटसाठी तो विशेष नावाजलेला आहे. तेथील लाइनफेल्डन-एश्टरडिंगन या गावी दर ऑक्टोबरमध्ये या कोबीचा उत्सवही भरतो. आपल्याकडे मिळणाऱ्या गोल, घट्ट गड्ड्याचेही झाउअरक्राउट उत्तम होते, त्यामुळे जातीची चिंता करण्याचे कारण नाही. चिंता करायची ती तापमानाची, कारण तेथील तळघरातला गारवा हा या कृतीचा न लिहिलेला तिसरा जिन्नस आहे आणि पाककृती उतरवून घेताना नेमका तोच सुटतो.

कोबी आंबण्यासाठी १८ ते २२ अंश सेल्सिअस हे तापमान सर्वांत चांगले. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, नागपूर या भागांत डिसेंबर आणि जानेवारीत घराच्या आतल्या, उत्तरेकडच्या खोलीत हे तापमान बहुधा मिळते. सुदैवाने घट्ट, रसदार आणि स्वस्त कोबीही बाजारात त्याच दिवसांत येतो. त्यामुळे पहिल्यांदा करणाऱ्याने थंडीतच करावे, असा माझा आग्रह आहे. मुंबई, कोकण आणि गोव्यात थंडीतही घरातले तापमान २५ अंशांच्या वर राहते. तेथेही हा पदार्थ होतो, पण लवकर होतो, चव थोडी एकसुरी येते आणि लक्ष जास्त ठेवावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत, घरात ३२-३४ अंश असताना, मात्र या वाटेला न गेलेले बरे.

कोबी

गड्डा हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे आणि दाबल्यावर पानांचा करकर असा आवाज आला पाहिजे. हलका, पोकळ किंवा बरेच दिवस शीतगृहात राहिलेला कोबी पाणी कमी सोडतो आणि मग वरून खार घालण्याची वेळ येते. दोन किलो चिरलेला कोबी हवा असेल तर अडीच किलोच्या आसपास गड्डे आणावेत, कारण वरची पाने आणि दांडा यांत बरेच वजन जाते.

कोबीवर चौकोनी ठिपक्याच्या पतंगाच्या अळ्यांचा उपद्रव मोठा असतो आणि त्यासाठी शेतात फवारण्याही होतात. म्हणून वरची दोन-तीन पाने काढून टाकावीत आणि गड्डा न चिरता वाहत्या पाण्याखाली नीट धुवावा. आतले एक चांगले, अखंड पान बाजूला ठेवावे. ते शेवटी झाकायला लागते. अळ्या निघाव्यात म्हणून कोबी गरम पाण्यात किंवा मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवण्याची अनेक घरांत पद्धत आहे. भाजीसाठी ती ठीक आहे, येथे ती टाळावी. गरम पाण्याने आपल्याला हवे असलेले जिवाणूच नाहीसे होतात आणि मिठाच्या पाण्याने पुढचा सगळा हिशेब चुकतो. आतल्या पानांपर्यंत अळी पोचली असेल तर ती चिरताना दिसतेच. तेवढा भाग काढून टाकावा.

मीठ

एक किलो चिरलेल्या कोबीला २२ ते २३ ग्रॅम मीठ, म्हणजे वजनाच्या सव्वादोन टक्के, हे प्रमाण सर्वसाधारणपणे योग्य. दोन किलोला ४५ ग्रॅम. हवा उष्ण असेल तर किलोला २५ ग्रॅमपर्यंत जावे, कारण उष्णतेत पाने लवकर मऊ पडतात आणि थोडे जास्त मीठ त्याला आळा घालते. दोन टक्क्यांच्या खाली उतरू नये आणि तीन टक्क्यांच्या वर चढू नये. वजन घ्यायचे ते गड्ड्याचे नव्हे, तर दांडा काढून चिरलेल्या कोबीचे, हेही विसरू नये.

चमच्याचे माप का चालत नाही, याचे उत्तर मिठाच्या कणांत आहे. चहाच्या चमच्यात बारीक, टेबलावरचे मीठ सपाट भरले तर ते साधारण सहा ग्रॅम भरते. जाडे मीठ त्याच चमच्यात कमी भरते, कारण खड्यांमध्ये हवा राहते. सात-आठ चमचे मोजेपर्यंत हा फरक इतका वाढतो की एकाच कृतीने एका घरी खारट आणि दुसऱ्या घरी लिबलिबीत कोबी तयार होतो. शंभर ग्रॅमच्या आतले वजन नीट दाखवणारा स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा आता सहज मिळतो, आणि या कामासाठी एखादी वस्तू विकत घ्यायचीच असेल तर ती हीच असावी.

कोणते मीठ घ्यावे, हा प्रश्न हमखास विचारला जातो. मिठागरातले खडे मीठ किंवा सैंधव कुटून घेतले तर उत्तमच. आयोडीनयुक्त मिठाने कोबी आंबत नाही असा समज पसरलेला आहे, पण आपल्याकडे दुकानातल्या मिठात आयोडीनचे प्रमाण दहा लाख भागांत किमान १५ भाग इतकेच ठेवायचे असते आणि एवढ्याने जिवाणूंचे काम थांबत नाही. मीठ मोकळे राहावे म्हणून त्यात जे घातलेले असते त्याने खार थोडा गढूळ दिसू शकतो, इतकेच. काळे मीठ मात्र घेऊ नये, त्याचा गंधकाचा वास सगळ्या बरणीला लागतो. सोडियम कमी केलेले मीठही नको. त्यातल्या पोटॅशियम क्लोराइडने कडवटपणा येतो.

बरणी आणि वजन

दोन किलो कोबीसाठी तीन लिटरची, हात आत जाईल अशा रुंद तोंडाची काचेची बरणी घ्यावी. आत काय चालले आहे ते दिसत असल्याने पहिल्या वेळी काचच सोयीची पडते. लोणच्याची चिनी मातीची बरणीही चालते. मात्र तिच्या आतल्या चकचकीत थराला तडे गेलेले नसावेत, आणि शोभेची, रंगीत, कुठल्या लेपाची आहे ते ठाऊक नसलेली भांडी वापरू नयेत, कारण काही लेपांत शिसे असते आणि आम्लात ते उतरते. तांबे, पितळ आणि ॲल्युमिनियम पूर्णपणे वर्ज्य. स्टीलच्या परातीत कोबी मळायला हरकत नाही, पण महिनाभर तो काचेत किंवा चिनी मातीतच राहू द्यावा. बरणी साबणाने धुऊन, कढत पाण्याने विसळून, पालथी घालून कोरडी करावी.

जर्मनीत यासाठी खास मातीचे जाडजूड भांडे मिळते, त्याच्या तोंडाभोवती पन्हळ असते. पन्हळीत पाणी भरून त्यात झाकण बसवले की आतला वायू बुडबुड्यांच्या वाटेने बाहेर पडतो आणि बाहेरची हवा मात्र आत शिरत नाही. जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींनी हे भांडे जरूर घ्यावे. ते नसेल तर फिरकीच्या झाकणाची साधी बरणीही तेच काम करते, फक्त वायू आपल्याला हाताने सोडावा लागतो. लोणच्याप्रमाणे नुसता दादरा बांधून ठेवू नये. कापडातून हवा खेळती राहते आणि वर पांढरी साय धरते.

कोबी खाराखाली दाबून ठेवण्यासाठी वजन लागते. मोठ्या बरणीच्या तोंडातून आत जाणारी पाण्याने भरलेली छोटी काचेची बरणी हा सर्वांत सोपा उपाय. दगड वापरायचा असेल तर तो आपल्याकडचा काळा, बसाल्टचा, गुळगुळीत आणि पंधरा मिनिटे उकळून घेतलेला असावा. संगमरवर किंवा चुनखडीचा दगड घालू नये, कारण तो आम्लात विरघळतो आणि तयार होणारे आम्लही मारतो. शंका असेल तर दगडावर लिंबाचे दोन थेंब टाकून पाहावेत. फेस आला तर तो दगड बाजूला ठेवावा.

चिरणे, मळणे, भरणे

गड्ड्याचे चार भाग करून दांडा काढावा आणि प्रत्येक भाग आडवा ठेवून दोन ते तीन मिलिमीटर जाडीच्या लांब फिती काढाव्यात. विळीवर सराव असलेल्या हाताने हे काम फार छान होते, सुरीही चालते. किसणीवर मात्र कोबीचा चोथा होतो आणि तो आंबल्यावर तोंडात काहीच लागत नाही. फार जाड चिरला तर पाणी सुटायला वेळ लागतो, म्हणून जाडी शक्य तितकी एकसारखी ठेवावी.

चिरलेला कोबी मोठ्या परातीत घेऊन वजन करावे, त्यानुसार मीठ तोलावे आणि ते तीन-चार वेळा विभागून, प्रत्येक वेळी खालीवर करत, सगळीकडे सारखे लागेल असे पसरावे. मीठ एका ठिकाणी साचले तर बरणीचा एक भाग मऊ आणि दुसरा गुलाबी पडतो. नंतर अर्धा तास परात नुसती झाकून ठेवावी. हा अर्धा तास वाया जात नाही. मिठाने पानांतले पाणी ओढायला सुरुवात केलेली असते आणि पुढचे हातांचे कष्ट निम्म्याने कमी होतात.

आता कोबी मळायला घ्यावा. भाकरीचे पीठ मळताना तळहाताच्या टाचेने जसा रेटा देतो तसाच रेटा येथे हवा, फक्त अधूनमधून मुठीत घेऊन पिळायचेही असते. सुरुवातीला फिती ताठ असतात आणि बोटांना टोचल्यासारख्या लागतात. चार-पाच मिनिटांत त्या नरम पडतात, पांढऱ्याच्या काहीशा पारदर्शक होतात, कच्च्या कोबीचा तिखट वास जाऊन गोडसर वास येऊ लागतो आणि परातीतला ढीग पाहता पाहता निम्मा होतो. मूठभर कोबी उचलून दाबला असता बोटांच्या फटींतून पाण्याची धार लागली, नुसते थेंब नव्हेत तर धार, की मळणे पुरे झाले. यापुढे जोर केला तर फिती तुटून लगदा होतो.

मसाल्याची गरज नाही, पण घालायचाच असेल तर दोन किलोला एक चमचा शहाजिरे, दहा-बारा मिरे आणि दोन तमालपत्रे पुरेत. जर्मन घरांत शहाजिऱ्याच्या जवळच्या नात्यातले बी आणि जुनिपरची फळे घालतात. हिंग-मोहरीची फोडणी, तेल आणि लाल तिखट यांना या टप्प्यावर येथे काम नाही. दही किंवा ताकही घालू नये: दुधात वाढणारे जिवाणू आणि भाजीवर वाढणारे जिवाणू वेगळे असतात, आणि भाजीवरचे पुरेसे असतात.

मळलेला कोबी मूठ-मूठ बरणीत घालून प्रत्येक थर मुठीने किंवा स्वच्छ लाटण्याच्या टोकाने दाबून बसवावा, म्हणजे मध्ये हवेचे खिसे राहणार नाहीत. परातीत उरलेले पाणी एक थेंबही न टाकता वरून ओतावे. बाजूला ठेवलेले अखंड पान बरणीच्या गोलाईत बसेल असे कापून वर झाकावे, त्यामुळे सुटे तुकडे तरंगत वर येत नाहीत. त्यावर वजन ठेवावे. खार कोबीच्या वर किमान दोन बोटे असला पाहिजे आणि बरणीचे तोंड त्याच्याही वर चार-पाच बोटे रिकामे राहिले पाहिजे, कारण आतला वायू पुढच्या दोन दिवसांत सगळे वर उचलतो. बरणीखाली एक ताटली ठेवावी. चोवीस तासांनंतरही कोबी खाराच्या वर दिसत असेल तर एक लिटर पाण्यात २० ग्रॅम मीठ घालून, उकळून, पूर्ण गार करून ते लागेल तेवढे घालावे. नळाचे पाणी उकळल्याने त्यातला क्लोरीनही निघून जातो.

बरणीत काय घडते

पहिल्या एक-दोन दिवसांत कोबीतली उरलीसुरली हवा वापरली जाते आणि ल्युकोनॉस्टॉक मेसेंटेरॉइडिस हा जिवाणू झपाट्याने वाढतो. तो लॅक्टिक आम्लाबरोबरच थोडे ॲसेटिक आम्ल, थोडे अल्कोहोल आणि भरपूर कार्बन डायऑक्साइड तयार करतो. बरणीत दिसणारे बुडबुडे आणि वर येणारा फेस त्याचाच. हा वायू बरणीतली हवा बाहेर ढकलतो, म्हणजे ज्या बुरशीला आणि जिवाणूंना हवा लागते त्यांचा मार्ग बंद होतो. झाउअरक्राउटच्या चवीत नुसत्या आंबटपणापलीकडे जो सुवास असतो, तो बराचसा याच जिवाणूची देणगी आहे. आम्ल एका मर्यादेपलीकडे वाढले की तो स्वतःच मागे पडतो आणि जास्त आम्ल सोसणारे लेव्हिलॅक्टोबॅसिलस ब्रेव्हिस आणि लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटारम हे पुढचे काम हाती घेतात. (जुन्या पुस्तकांत हे दोन्ही लॅक्टोबॅसिलस या नावाखाली सापडतील, २०२० मध्ये त्यांची नव्याने विभागणी झाली.) शेवटी आम्लाचे प्रमाण दीड टक्क्याच्या पुढे जाते आणि पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी, तितके आम्ल जास्त) साडेतीनच्या आसपास स्थिरावतो.

तापमानाचा आग्रह का, ते आता स्पष्ट व्हावे. पहिला जिवाणू गारव्यात, सुमारे १८ ते २० अंशांत, निवांतपणे आपले काम पूर्ण करतो. उष्णता वाढली की पुढच्या टप्प्यातले जिवाणू त्याला वेळच देत नाहीत. आम्ल भराभर तयार होते, पण सुवास मागे राहतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील जिनीव्हा येथील कृषी प्रयोग केंद्रात विसाव्या शतकात या विषयाचा कसून अभ्यास झाला. ३२ अंशांना कोबी आठ-दहा दिवसांतच आंबतो, पण चव आणि रंग दोन्ही कमी प्रतीचे येतात; १८ अंशांना तीन आठवड्यांच्या आसपास लागतात आणि प्रत उत्तम येते; सात-आठ अंशांना मात्र कित्येक महिने जातात, असे तेथे दिसून आले.

ज्यांच्या घरात गारवा नाही त्यांनी बरणी जमिनीवर, पाण्याच्या माठाशेजारी किंवा मोरीलगतच्या सावलीतल्या कोपऱ्यात ठेवावी. देशावरच्या कोरड्या हवेत पाणी भरलेल्या परातीत बरणी उभी करून तिला ओला पंचा गुंडाळला, पंच्याची टोके पाण्यात राहू दिली, तर बरणी बाहेरच्या हवेपेक्षा काही अंश गार राहते. कोकणपट्टीच्या दमट हवेत बाष्पीभवनच मंद असल्याने हा उपाय फारसा चालत नाही. तेथे किलोभराचाच घाणा करावा, मीठ अडीच टक्के घ्यावे आणि आठवडाभरात चव आली की बरणी फ्रिजमध्ये हलवावी, म्हणजे उरलेले मुरणे तेथे सावकाश होते. थेट ऊन कुठेच लागू देऊ नये.

रोजची देखरेख

पहिला आठवडाभर दिवसातून एकदा झाकण सैल करून वायू सोडावा आणि पुन्हा लावावे. विसरल्यास दाबाने खार उसळून बाहेर येतो आणि काच तडकण्याचाही धोका असतो. झाकण पत्र्याचे असेल तर मीठ आणि आम्ल यांनी ते गंजते, म्हणून प्लास्टिकचे किंवा काचेचे पाहावे. कोबी वर तरंगलेला दिसला तर स्वच्छ चमच्याने दाबून खाली बसवावा. बुडबुडे आठवड्याभरानंतर मंदावतात. हे अपेक्षितच असते. खार गढूळ होणे, तळाशी पांढरट साका बसणे आणि कोबीचा हिरवा रंग जाऊन फिकट पिवळसर होणे, या तिन्ही गोष्टी सगळे सुरळीत चालल्याच्या खुणा आहेत.

वासाने घाबरून अनेक जण पहिलीच बरणी टाकून देतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गंधकासारखा, उकडलेल्या कोबीचा उग्र वास येतो आणि तो स्वाभाविक आहे. दहा दिवसांत त्याची जागा स्वच्छ आंबट वास घेतो. सडका, कुजलेल्या मांसासारखा वास मात्र कधीच येता कामा नये. खाराच्या पृष्ठभागावर पातळ, पांढरी, सुरकुतलेली साय दिसली तर ती यीस्टची असते; ती अपायकारक नाही, पण चव बिघडवते, म्हणून काढून टाकावी, बरणीची कड पुसावी आणि वजन धुऊन पुन्हा ठेवावे. केसाळ, लोकरीसारखी वाढ, मग ती हिरवी, काळी किंवा गुलाबी कशीही असो, ही बुरशी असते. अशा वेळी वरचा थर काढून खालचा खावा असे काही जण सांगतात. माझ्या मते घरगुती, लहान बरणीत तो धोका पत्करू नये आणि सगळाच कोबी टाकावा. सगळा कोबी गुलाबी झाला असेल किंवा खार तारेसारखा चिकट होऊन वासही बिघडला असेल तरीही टाकावा. तांबड्या कोबीचे झाउअरक्राउट अर्थातच जांभळट-गुलाबी असते, त्याला हा नियम लागू नाही.

बंद बरणीतल्या पदार्थांबाबत बोट्युलिझम या जिवाणूजन्य विषबाधेची भीती अनेकांना वाटते आणि ती निराधार नाही. परंतु ती घडवणारा जिवाणू पीएच ४.६ च्या खाली वाढू शकत नाही आणि योग्य मीठ घातलेला कोबी काही दिवसांतच त्या खाली जातो. खात्री हवी असेल तर प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात पीएच कागद मिळतो. आठवडाभरानंतर खाराचा थेंब त्यावर टाकून पीएच चारच्या खाली आल्याचे पाहून घ्यावे.

सातव्या-आठव्या दिवसापासून स्वच्छ, कोरड्या चमच्याने थोडा कोबी काढून चाखायला हरकत नाही. त्या वेळी तो खारट जास्त आणि आंबट कमी लागतो. २० अंशांच्या आसपास तीन ते चार आठवड्यांत मीठ आणि आम्ल एकमेकांत मुरतात. २६-२८ अंशांना दहा ते चौदा दिवस पुरतात. फिती दाताखाली करकरल्या पाहिजेत आणि आंबटपणा जिभेच्या दोन्ही कडांना जाणवला पाहिजे. चव मनासारखी झाली की आंबवणे तेथेच थांबवावे, म्हणजे कोबी खारासकट लहान बरण्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवावा. तो खाराखाली राहिला तर चार-सहा महिने सहज टिकतो.

खाणे

झाउअरक्राउट जर्मनीत बहुतेक वेळा शिजवून, डुकराचे मांस, सॉसेज आणि बटाटे यांच्याबरोबर खाल्ले जाते. शिजवल्यावर चव गोलसर होते, पण जिवंत जिवाणू राहत नाहीत. ते हवे असतील तर कोबी कच्चाच खावा. आपल्या ताटात तो डाव्या बाजूला, कोशिंबिरीच्या जागी फार चांगला बसतो: ज्वारीच्या भाकरीबरोबर, थालीपिठाबरोबर, मुगाच्या खिचडीबरोबर. वरून फोडणी द्यायची असेल तर ती आधी गार होऊ द्यावी. उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, बारीक कांदा आणि मूठभर झाउअरक्राउट एकत्र करून वर थोडे तेल आणि मिरपूड घातली की स्वतंत्र पदार्थच होतो. त्यात वेगळे मीठ घालू नये.

प्रमाण मात्र चटणीचे ठेवावे, भाजीचे नव्हे. शंभर ग्रॅम झाउअरक्राउटमध्ये दोन ग्रॅमहून अधिक मीठ असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसभरात मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. रक्तदाब असणाऱ्यांनी एक-दोन चमच्यांवर थांबावे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिनसारखी औषधे घेणाऱ्यांनी कोबीतल्या के जीवनसत्त्वामुळे, आणि नैराश्यावरची एमएओ प्रतिबंधक गटातली औषधे घेणाऱ्यांनी आंबवलेल्या पदार्थांतील टायरामिनमुळे, आधी डॉक्टरांना विचारावे. ज्यांना आंबवलेल्या पदार्थांची सवय नाही त्यांचे पोट पहिले काही दिवस फुगू शकते, म्हणून सुरुवात एका चमच्यापासून करावी.

बरणी रिकामी झाली की तळाशी वाटी-दोन वाट्या खार उरतो. तो काकडीच्या किंवा बीटच्या कोशिंबिरीत लिंबाऐवजी वापरावा, किंवा आमटीत चिंचेच्या जागी शेवटी घालावा. पुढच्या घाण्याला विरजण म्हणून तो घालण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. त्या खारात शेवटच्या टप्प्यातले, आम्ल सोसणारे जिवाणू भरलेले असतात आणि आम्लही तयार असते; त्यामुळे सुवास आणणारा पहिला जिवाणू वाढूच शकत नाही आणि कोबी नुसताच आंबट होतो. नवा घाणा दर वेळी ताज्या कोबीने आणि कोरड्या मिठानेच सुरू करावा.